एक बाटली, एक सिरिंज आणि चौघे

सल्ला सदर

'ताई, नमस्कार. मी २३ वर्षांचा आहे. दोन वर्षांपासून पोलीस भरतीची तयारी करतोय. तालुक्याच्या गावी आम्ही चौघे एका खोलीवर राहायचो. जिममधल्या एकाने स्टॅमिना वाढतो म्हणून मेफेंटरमाइन नावाच्या औषधाच्या इंजेक्शनची बाटली आणून दिली. जिमच्या आणि ग्राउंडच्या आधी, आठवड्यातून दोन-तीनदा आम्ही ते शिरेतून घ्यायचो. बाटली एकच, सिरिंजही बहुतेक वेळा एकच. सुई मात्र बदलायचो, नसली तर गरम पाण्याने धुवायचो. गेल्या महिन्यात आमच्यातल्या एकाने शिबिरात रक्तदान केलं. रक्तपेढीतून त्याला बोलावणं आलं, पुढे सरकारी दवाखान्यात तपासणी झाली आणि तो एचआयव्ही पॉझिटिव्ह निघाला. त्याने फक्त मला सांगितलंय. मी शेवटचं इंजेक्शन घेतलं त्याला पाच आठवडे झाले. मध्ये दोन दिवस ताप आला होता, तेव्हापासून झोप उडाली आहे. तिसरा रूममेट अजून इंजेक्शन घेतो. चौथ्याचं मे महिन्यात लग्न झालं, तो गावी गेलाय, त्याला काहीच माहीत नाही. आम्ही नशा करणारी पोरं नाही, ताई. मीही रक्तदान करून बघू का, म्हणजे कुणाला न कळता समजेल? पॉझिटिव्ह मित्राबरोबर एकाच खोलीत राहू का? मी पॉझिटिव्ह निघालो तर भरती संपली का? वडिलांनी कर्ज काढून मला इथे ठेवलंय, त्यांना काय सांगू?'

भावा,

आधी रक्तदानाचं बोलते, कारण ते तू उद्याच करून बसशील अशी मला भीती वाटते. रक्तदान करू नकोस. रक्तपेढीत प्रत्येक पिशवीची एचआयव्ही, हिपॅटायटिस बी आणि सी (म्हणजे यकृताला सूज आणणाऱ्या काविळी), गुप्तरोग आणि मलेरियासाठी तपासणी होते हे खरं. पण संसर्ग नवा असेल तर सुरुवातीचे काही आठवडे तो तपासणीत दिसत नाही, आणि रक्तातून दुसऱ्याला मात्र जाऊ शकतो. तू दिलेली पिशवी थॅलेसेमियाच्या एखाद्या पोराला चढेल, नाहीतर बाळंतपणात रक्त गेलेल्या बाईला. तुझ्या मित्राने काहीच माहीत नसताना रक्त दिलं, त्याचा दोष नाही. तुला आता माहीत आहे.

कुणाला न कळता, फुकट तपासायची सोय सरकारने केलेली आहेच. जिल्हा रुग्णालयात, उपजिल्हा रुग्णालयात आणि बऱ्याच ग्रामीण रुग्णालयांत आयसीटीसी असतं, म्हणजे समुपदेशन आणि चाचणीचं केंद्र. केसपेपर काढायचा आणि 'आयसीटीसी कुठे आहे' एवढंच विचारायचं. तिथे समुपदेशक आधी तुझ्याशी बोलतील, तुझी संमती घेतील, मग रक्त घेतील. पहिल्या चाचणीत काही आढळलं तर आणखी दोन वेगवेगळ्या चाचण्या करून मगच निकाल सांगतात, त्यामुळे एका पट्टीवर तुझं आयुष्य ठरत नाही. तालुक्यात ओळखीचं कुणी भेटेल असं वाटत असेल तर शेजारच्या तालुक्यात जा, पत्त्यावरून कुणी परत पाठवत नाही. खरा इतिहास मात्र सांग: शिरेतून इंजेक्शन, सिरिंज एकच, शेवटचं कधी. लपवलंस तर पुढची चाचणी कधी करायची याचा हिशेब चुकेल.

तुझ्या बाबतीत तो हिशेब असा. आता लगेच एक चाचणी. ती निगेटिव्ह आली तर जिवाला बरं वाटेल, पण तेवढ्यावर थांबायचं नाही. शेवटच्या इंजेक्शनला तीन महिने पूर्ण झाले की पुन्हा एकदा करायची. मधल्या काळात रक्तदान नाही, कुणाबरोबर सुई-सिरिंज नाही, आणि कुणाशी शरीरसंबंध असतील तर कंडोमशिवाय नाही. एचआयव्हीबरोबरच हिपॅटायटिस बी आणि सीची तपासणीही माग. सिरिंजवाटे सीचा विषाणू एचआयव्हीपेक्षा सहज पसरतो आणि वर्षानुवर्षं गुपचूप यकृत खराब करत राहतो. पण तो आता बहुतेकांचा साधारण १२ आठवड्यांच्या गोळ्यांनी पूर्ण बरा होतो, आणि २०१८ मध्ये सुरू झालेल्या राष्ट्रीय कार्यक्रमात हे उपचार मोफत आहेत. बी निघाला नाही तर त्याची लस घेऊन टाक, तीन डोस असतात.

तापाचं म्हणशील तर त्यावरून काहीही ठरत नाही. एचआयव्हीची लागण झाल्यावर दोन-चार आठवड्यांनी काहींना ताप, घसादुखी, अंगावर पुरळ असं होतं, काहींना काहीच होत नाही. आणि पावसाळ्यात दोन दिवस ताप यायला आपल्याकडे डास पुरेसे आहेत. रात्री मोबाईलवर लक्षणं शोधत बसणं आजपासून बंद कर.

आता 'सुई मात्र बदलायचो' या तुझ्या वाक्याकडे येते. माझ्या मते सगळा घोळ या एका समजुतीत आहे, आणि ती तुझ्या एकट्याची नाही. जिममध्ये, अकॅडमीच्या खोल्यांवर अनेक पोरं सुई बदलली की आपण सुरक्षित झालो असं धरून चालतात. शिरेतून इंजेक्शन घेताना शीर सापडली का ते बघायला दट्ट्या थोडा मागे ओढता ना? रक्ताचा लाल धागा सिरिंजमध्ये येतो. तो सुईच्या टोकाला राहत नाही, नळीत शिरतो. इंजेक्शन देऊन झाल्यावरही नळीच्या तोंडाशी थोडं रक्त उरतंच, डोळ्यांना दिसो न दिसो. तुम्ही सुई नवी लावलीत, पण रक्त होतं त्या सिरिंजवरच. पुढच्याच्या शिरेत औषधाबरोबर तेही गेलं.

त्याहून वाईट गोष्ट बाटलीची. हे औषध मोठ्या बाटलीत येतं, तिच्या रबरी बुचातून सुई घालून थोडं थोडं काढायचं असतं. एकाने टोचून घेतलं आणि तीच सिरिंज पुन्हा बाटलीत बुडवली, की बाटलीतलं उरलेलं औषधच खराब झालं. मग दुसऱ्याने अगदी पाकीट फोडून नवी सिरिंज आणली तरी तो त्याच बाटलीतून भरणार. म्हणून 'मी तर नेहमी स्वतःची सिरिंज वापरायचो' असं तुमच्यातलं कुणी म्हणत असेल, तरी त्याने तपासून घ्यायलाच हवं. गरम पाण्यानेही काम होत नाही. सिरिंजच्या आत राहिलेल्या रक्ताच्या थेंबात हा विषाणू काही आठवडेसुद्धा टिकू शकतो असं प्रयोगशाळेत दिसलेलं आहे. उघड्यावर सांडलेल्या रक्तात तो लवकर मरतो, बंद नळीत मात्र त्याला आडोसा मिळतो.

यातून तुला लागण झालीच असेल का? तसं मुळीच नाही. एचआयव्ही असलेल्या माणसाची सुई एकदा वापरल्यावर लागण होण्याचा सर्वसाधारण अंदाज दहा हजारांत ६३ असा मांडतात. ऐकायला तो आकडा लहान आहे. पण तुम्ही आठवड्यातून दोन-तीनदा, कित्येक महिने हे केलंत, आणि ज्याला नुकतीच लागण झालेली असते त्याच्या रक्तात विषाणू सगळ्यात जास्त असतो. म्हणून एका खोलीतली, एका टोळक्यातली माणसं पाठोपाठ सापडतात. मणिपूरमध्ये हेच झालं होतं. १९८९ पर्यंत तिथे सुईने हेरॉइन घेणाऱ्यांमध्ये एचआयव्ही जवळजवळ सापडत नव्हता, आणि १९९० मध्ये, काही महिन्यांच्या आत, तपासलेल्यांपैकी जवळपास निम्मे पॉझिटिव्ह निघाले. म्यानमारच्या सीमेवरून हेरॉइन येत होतं, सिरिंज मिळत नव्हत्या, एकेक सिरिंज अनेकांत फिरत होती.

'आम्ही नशा करणारी पोरं नाही' हे तू लिहिलंस, आणि मला पटतं की तू मनापासून लिहिलंस. स्टेशनच्या पुलाखाली पडलेला गर्दुल्ला वेगळा आणि पहाटे चारला उठून सोळाशे मीटर मारणारे आपण वेगळे, असं तुम्हाला वाटतं. पण या समजुतीपायीच सावधगिरीची सगळी माहिती तुमच्या डोक्यावरून गेली. सुईने अमली पदार्थ घेणाऱ्यांसाठी आपल्याकडे वर्षानुवर्षं काम चालू आहे. नव्या सुया देतात, जुन्या परत घेतात, अफूजन्य नशेसाठी जिभेखाली ठेवायची पर्यायी गोळी केंद्रावर समोर बसवून देतात. २०१७ च्या राष्ट्रीय पाहणीत सुईने नशा करणाऱ्यांमध्ये एचआयव्हीचं प्रमाण ६ टक्क्यांहून जास्त होतं, तेव्हा देशातल्या एकूण प्रौढांत ते ०.२२ टक्के होतं. म्हणून ते काम तिकडे गेलं, बरोबरच आहे. पण जिमच्या लॉकर रूममध्ये आणि भरतीच्या खोल्यांवर कुणी पोचलं नाही, आणि तिथल्या पोरांनाही कधी वाटलं नाही की हे आपल्याबद्दल चाललंय. अकॅडम्या चालवणाऱ्यांनी आणि आरोग्य खात्याने हे आता मनावर घ्यायला हवं, असं मी या सदरातून स्पष्ट म्हणते. गोळाफेक आणि शंभर मीटरच्या टायमिंगइतकंच हेही पोरांना सांगायला हवं.

आणि सुईतून लागण व्हायला नशाच करावी लागते असं ज्यांना वाटतं त्यांच्यासाठी: २०१८ च्या सुरुवातीला उत्तर प्रदेशातल्या उन्नाव जिल्ह्यात बांगरमऊ भागात ४० हून अधिक माणसं एचआयव्ही पॉझिटिव्ह निघाली. त्यांत लहान मुलं होती, म्हातारी माणसं होती. सर्दी-तापासाठी त्यांनी बोगस डॉक्टरकडून स्वस्तात इंजेक्शन घेतलं होतं, आणि तो सिरिंज बदलत नव्हता असा ठपका आरोग्य विभागाने ठेवला.

मित्राबरोबर एकाच खोलीत राहा. ताट, तांब्या, संडास, अंथरूण, एकमेकांचे शर्ट, शिंक, डास, कशानेही एचआयव्ही जात नाही. फक्त दाढीचं ब्लेड आणि दातांचा ब्रश प्रत्येकाचा आपापला ठेवा, तो तसाही आपापलाच असायला हवा. त्याने चौघांतून तुला निवडून सांगितलं. आत्ता तू खोली सोडलीस तर त्याला बोलायला दुसरं माणूस नाही. त्याने एआरटी केंद्रात, म्हणजे एचआयव्हीची औषधं देणाऱ्या केंद्रात, नाव नोंदवलं का, ते विचार. नसेल तर त्याच्याबरोबर जा. औषध मोफत आहे, बहुतेकांना दिवसाला एकच गोळी असते, आणि आता कसलीही वाट न बघता, निदान झालं की लगेच सुरू करतात. रोज नेमाने घेतली की काही महिन्यांत रक्तातला विषाणू इतका कमी होतो की तपासणीत दिसत नाही, आणि तसा तो राहिला तर शरीरसंबंधातूनही जोडीदाराला जात नाही. तो धावू शकेल, कष्ट करू शकेल, लग्न करू शकेल, त्याला निरोगी मुलं होऊ शकतील. हे त्याला आत्ता कुणीतरी सांगायची गरज आहे. त्याचा निकाल मात्र तू कुणालाही सांगायचा नाहीस, अगदी बाकीच्या दोघांनाही नाही. ते त्याचं आहे.

मग त्या दोघांना सावध कसं करणार? त्याचं नाव न घेता. गावी गेलेल्याला फोन कर आणि म्हण, 'आपण चौघांनी एक सिरिंज, एक बाटली वापरली, त्यातून एचआयव्ही आणि कावीळ होऊ शकते असं मला कळलंय, मी तपासून घेतोय, तूही घे.' एवढं पुरे आहे, आणि ते शंभर टक्के खरं आहे. हा फोन या आठवड्यातच व्हायला हवा, कारण त्याच्या घरी आता बायको आहे. तिला यातलं काही माहीत नाही आणि तिचा यात काही दोष नाही. त्याची चाचणी होईपर्यंत त्यांनी कंडोम वापरावा, हे त्याला सांगायला लाजू नकोस. ती गरोदर असेल तर दवाखान्यात तिची एचआयव्ही तपासणी होईलच. आईला वेळेवर औषध मिळालं तर बाळाला लागण होण्याची शक्यता फार कमी होते, पण त्यासाठी वेळेवर कळायला हवं. 'आपल्याला कसं सांगता येईल' याच्यावर आठ दिवस विचार करण्याइतका वेळ तिच्याकडे नाही.

तिसरा अजून घेतोय म्हणतोस. त्याला आधी हे सांग की मेफेंटरमाइन हे ऑपरेशन थिएटरमधलं औषध आहे. पाठीत भूल दिल्यावर, सिझेरियनच्या वेळी वगैरे, रक्तदाब खाली गेला तर भूलतज्ज्ञ ते देतात, आणि तेव्हा पेशंटच्या छातीला तारा लावलेल्या असतात, क्षणाक्षणाला दाब बघितला जातो. धडधाकट पोराने ते घेऊन उन्हात सोळाशे मीटर धावायचं म्हणजे आधीच जोरात चाललेल्या हृदयाला आणखी चाबूक मारायचा. छातीत दुखणं, मेंदूत रक्तस्राव, दिवसेंदिवस झोप न येणं, कुणीतरी आपल्या मागावर आहे असं वाटू लागणं, हे सगळं यातून होऊ शकतं. खेळात उत्तेजक म्हणून त्यावर बंदी आहे. आणि सवय लागते. बंद केल्यावर काही दिवस अंग गळून जातं, काहीच करावंसं वाटत नाही, त्याला पोरं 'स्टॅमिना गेला' समजतात आणि परत घेतात. तो थकवा उतरतो, थोडा धीर धरावा लागतो. अफूजन्य नशेची पर्यायी गोळी या औषधावर चालत नाही, इथे मानसोपचारतज्ज्ञच लागतात, आणि ते जिल्हा रुग्णालयात असतात. पुण्यात येरवड्याला १९८६ पासून मुक्तांगण आहे. फोनवर बोलायचं तर व्यसनासाठी १४४४६, मानसिक त्रासासाठी १४४१६.

पण समजा, तो उद्या थांबला नाही. बहुतेक जण पहिल्या दिवशी थांबत नाहीत. तेव्हा 'थांबत नाहीस ना, मग मर' असं म्हणून त्याला जुन्या सिरिंजच्या भरवशावर सोडू नकोस. मेडिकलमध्ये नवी सिरिंज थोड्या रुपयांत मिळते, चिठ्ठी लागत नाही. दर वेळी नवी सिरिंज आणि नवी सुई, दोन्ही. खोलीत पडलेली अर्धी बाटली, कितीही महाग असली, फेकून द्यायची. एकदा टोचलेली सुई पुन्हा बाटलीत घालायची नाही, स्वतःच्या बाटलीतही नाही. दुसऱ्याला भरून द्यायचं नाही, दुसऱ्याने भरलेलं घ्यायचं नाही. कापूस, पाणी, काहीच वाटून वापरायचं नाही. वापरलेल्या सुया जाड प्लास्टिकच्या बाटलीत टाकून झाकण घट्ट लावायचं आणि ती दवाखान्यात नेऊन द्यायची. ओल्या कचऱ्यात टाकल्या तर सफाई कामगाराच्या हातात घुसतात. आणि यापुढे कधी तुमच्यातल्या कुणाच्या हातून दुसऱ्याची सिरिंज वापरली गेलीच, तर वाट न बघता त्याच दिवशी सरकारी रुग्णालयात किंवा एआरटी केंद्रात जायचं. ७२ तासांच्या आत औषध सुरू करून २८ दिवस घेतलं तर लागण टाळता येऊ शकते. जितका उशीर तितका उपयोग कमी. तुझ्या बाबतीत ती वेळ निघून गेली आहे, म्हणून तुझ्यासाठी चाचणी.

काही वाचक मला लिहितील की ताई पोरांना सुई घ्यायला शिकवतात. मला ते मान्य नाही. जिवंत आणि बिनआजारी राहिलेला माणूसच पुढे कधीतरी सुई सोडतो. कायद्यानेही हे मानलेलं आहे. एचआयव्ही आणि एड्स प्रतिबंध व नियंत्रण कायदा २०१७ साली झाला आणि १० सप्टेंबर २०१८ पासून लागू आहे. सरकारी मार्गदर्शक सूचनांनुसार स्वच्छ सुया देणं-घेणं हा गुन्हा ठरत नाही, असं त्यात नमूद आहे.

त्याच कायद्यात तुझ्या भरतीच्या प्रश्नाचंही बरंचसं उत्तर आहे. नोकरी देण्याची अट म्हणून एचआयव्हीची चाचणी करायला लावता येत नाही. तुझ्या लेखी संमतीशिवाय तुझा निकाल दवाखान्यातून सहसा कुणाला सांगता येत नाही, त्यामुळे आयसीटीसीतून अकॅडमीला किंवा पोलीस ठाण्यात फोन जाईल ही भीती काढून टाक. आणि निव्वळ एचआयव्ही आहे म्हणून कामाला योग्य असलेल्या माणसाला सरकारी आस्थापनेने नाकारू नये, असा निर्णय मुंबई उच्च न्यायालयाने १९९७ मध्येच दिलेला आहे. पोलीस दलाची वैद्यकीय तपासणी कडक असते आणि अडवणूक होणारच नाही अशी हमी मी देत नाही. झालीच तर राज्याच्या एड्स नियंत्रण संस्थेकडे आणि जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे जायचं, तिथे वकील मोफत मिळतो. १०९७ हा एड्सचा राष्ट्रीय हेल्पलाइन क्रमांक आहे, फोन फुकट लागतो, जवळचं केंद्र कुठे आहे तेही तिथे सांगतात.

वडिलांना आत्ता काही सांगू नकोस. निकाल हातात नसताना त्यांना काय सांगणार, तुझी भीती? आयसीटीसीतून बाहेर पडल्यावर समुपदेशकाशी त्याबद्दल बोल. निकाल पॉझिटिव्ह आला आणि घरी सांगायचं ठरलं, तर त्या बोलण्याला समुपदेशक सोबत बसू शकतात. निगेटिव्ह आला तरी तीन महिन्यांनंतरची तारीख कॅलेंडरवर लिहून ठेव आणि ती भरतीच्या ग्राउंडच्या तारखेशी जुळली तर आधी चाचणी कर. केंद्र सहसा सकाळच्या ओपीडीच्या वेळेत चालू असतं, म्हणून उद्या पळून झाल्यावर खोलीवर न जाता थेट जा, आधार कार्ड असेल तर बरोबर ठेव, नसलं तरी अडत नाही. मित्रालाही ने. त्याचा एआरटीचा कागद आणि तुझा केसपेपर एकाच फेरीत होईल.

– ताई